घरगुती उपायांची मुदत

श्रोतेहो, नमस्कार.

सर्दी झाली, पोट बिघडले, कंबर धरली किंवा झोप लागेनाशी झाली, की आपण बहुतेक जण पहिला उपाय घरातच शोधतो. त्यात काही चुकीचे नाही. रोजच्या बहुतेक तक्रारी शरीर स्वतःच दुरुस्त करते आणि त्या काळात त्याला थोडे साहाय्य, थोडा आराम मिळाला तरी पुरते. मात्र एक गोष्ट मला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तो किती प्रमाणात, कोणासाठी आणि मुख्य म्हणजे किती दिवस करावा, हे सांगणारा क्वचितच भेटतो. म्हणून आज मी उपायांबरोबर त्यांच्या मुदतीविषयीही बोलणार आहे.

सर्दीपासून सुरुवात करू. साधी सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंपैकी कोणत्यातरी एकामुळे होते आणि सामान्यतः सात ते दहा दिवसांत बरी होते. तिच्या मागून येणारा खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळू शकतो. हे आधीच ठाऊक असले की मनाची घालमेल निम्मी कमी होते. आपण बहुधा त्रास सर्वाधिक असतो त्याच दिवशी नवा उपाय सुरू करतो, दोन दिवसांनी उतार पडतो आणि ज्या उताराची वेळ तशीही आलेली होती त्याचे श्रेय आपण त्या उपायाला देतो. काढ्याच्या बाबतीत हे घडते, तसेच प्रतिजैविकांच्या गोळ्यांच्या बाबतीतही घडते. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. तरीही सर्दीत त्या गोळ्या मागून घेतल्या जातात, त्यामागे हाच गैरसमज आहे.

मग खोकल्यात घरी काय करावे? मध हा उपाय केवळ आजीच्या सांगण्यावर टिकलेला नाही. लहान मुलांवर झालेल्या चाचण्यांमध्ये मधाने रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो असे आढळले आणि २०१८ साली ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनीही नव्याने सुरू झालेल्या साध्या खोकल्यात मधाचा समावेश केला. परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला मध बोटाने चाटवूनसुद्धा देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात आणि त्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू लागतात. घरच्या चुलीवर मध गरम केल्याने हे बीजाणू मरत नाहीत. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, त्या जरूर कराव्यात. वाफ घेण्याबद्दल मात्र मी हात राखूनच बोलेन. तिने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु आजार लवकर बरा होत असल्याचा भक्कम पुरावा नाही आणि उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजल्याच्या घटना जगभर घडत असतात. मुलांना वाफ देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्या उपायाविषयी मला सर्वांत अधिक आस्था आहे, त्याकडे वळतो. जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजून ही भर पुरेशी होत नाही. लहान आतड्याच्या पेशींमध्ये सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारी एक व्यवस्था असते. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात सोबत आले की दोन्ही आत ओढले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही व्यवस्था बहुधा शाबूत राहते. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत तयार करून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला सांगितले. तोपर्यंत मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांमध्ये ते चार टक्क्यांच्या आत आले. घरात मिळणाऱ्या वस्तूंनी इतके प्राण वाचल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

हीच आपली जलसंजीवनी. तयार पुडी मिळत असेल तर तीच वापरावी आणि पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. सपाट हा शब्द मी मुद्दाम दोनदा उच्चारला, कारण मीठ अधिक झाले तर लहान मुलाला अपाय होतो आणि साखर अधिक झाली तर जुलाब वाढतात. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावे. बाळाचे अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे बंद करू नये. या उपायाची मुदत दिवसांत मोजता येत नाही, ती तासांत मोजावी लागते. मूल ग्लानीत गेले, डोळे खोल गेले, टाळू आत बसली, चिमटीत धरून सोडलेली कातडी सावकाश पूर्ववत होऊ लागली, कित्येक तास लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त पडले, तर द्रावण पाजत पाजतच रुग्णालय गाठावे.

या साध्या द्रावणाचे यश मापात आहे. वनस्पतींच्या बाबतीतही तेच खरे आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग या वैद्याला जलोदरावरचा एक कौटुंबिक नुसखा कळला. त्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. गुण येतो तो त्यांतील डिजिटॅलिस या एकाच वनस्पतीमुळे, हे त्याने ओळखले. पुढे सुमारे दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवून १७८५ साली त्याने त्या प्रसिद्ध केल्या. या नोंदींत त्याने अपयशही लपवले नाही. मात्रा थोडी वाढली की उलट्या होतात, दृष्टी बिघडते, नाडी मंदावते आणि माणूस मरूही शकतो, हे त्याने लिहून ठेवले. त्या वनस्पतीपासून मिळणारे औषध हृदयविकारात आजही वापरतात आणि त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. वनस्पतीत औषध असते, हे ज्याला मान्य आहे, त्याने वनस्पतीत विषही असू शकते हेही मान्य करायला हवे. १९९०च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती मिसळली गेली होती. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य कानांवर आले की मला त्या स्त्रिया आठवतात.

कंबर धरल्यावर दिवसचे दिवस अंथरुणावर पडून राहू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत शेकाने बरे वाटते. त्यानंतर झेपेल तितके चालणे-फिरणे चालू ठेवल्यास दुखणे लवकर आटोक्यात येते. मात्र पायांतील शक्ती कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शौचाला साफ होत नसेल तर आहारात तंतुमय पदार्थ वाढवावेत आणि जेवणानंतर लागणारी शौचाची भावना कामाच्या गडबडीत दाबून टाकू नये. इसबगोल घ्यायचे असेल तर ते पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावे, कारण कमी पाण्यात ते फुगून घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकते.

झोपेविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण झोपेच्या गोळ्या फार लवकर सुरू होतात आणि फार उशिरा सुटतात. दीर्घकाळच्या निद्रानाशावर आज प्रथम सुचवला जातो तो उपाय गोळीचा नाही. झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याची ती एक पद्धतशीर उपचारपद्धती आहे आणि तिचा काही भाग आपल्यालाही घरी अवलंबता येतो. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी. वीस-पंचवीस मिनिटे झोप येत नसेल तर अंथरुणावर तळमळत न पडता उठून मंद उजेडात बसावे आणि डोळे जड झाले की परत यावे. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा कप मध्यरात्रीही जागा असतो. या सवयींना निदान चार ते सहा आठवडे द्यावेत. मन सतत उदास असेल, किंवा झोपेत घोरताना श्वास थांबतो असे घरचे सांगत असतील, तर तेवढेही थांबू नये.

आणखी काही खुणा अशा आहेत की ज्या दिसताच घरचा उपाय बाजूला ठेवावा. छातीत दाबल्यासारखे दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात लुळा पडणे, धाप लागणे, तापाबरोबर मान ताठणे, लहान मुलाचा श्वास भरभर चालून छाती आत ओढली जाणे. आणि तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप येणे.

शेवटी एक विनंती. दुखणे सुरू झाले त्या दिवशी एका कागदावर तारीख लिहून ठेवावी आणि त्याखाली काय घेतले, किती घेतले, हे रोज एका ओळीत लिहावे. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर तो कागद बरोबर न्यावा आणि त्यात काढे, चूर्णे, वनस्पतींच्या गोळ्या यांचीही नोंद असावी. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची उदासीवर घेतली जाणारी वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या कामातही ती अडथळा आणते. अशा गोष्टी डॉक्टरांना तपासून कळत नाहीत, त्या आपणच सांगाव्या लागतात. बरेच रुग्ण त्या सांगत नाहीत, कारण कोणी रागावेल अशी त्यांना भीती वाटते. माझ्यासमोर असा कागद ज्यांनी ठेवला, त्यांच्यावर मी कधीही रागावलो नाही. उलट त्यांच्या दुखण्याचे निदान मला लवकर करता आले.

नमस्कार.