आधी बाथरूम, मग व्हेल

नमस्कार श्रोतेहो. सुट्टीच्या आदल्या रात्री घरोघरी एकच चर्चा असते: उद्या कुठं जायचं? आमच्याकडेही असते, पण तिचा पहिला प्रश्न जरा वेगळा. तिथलं बाथरूम कसं आहे?

माझी लेक बारा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे पायांचे स्नायू सतत ताठ, बोलणं हळू, आणि डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख. ती चार वर्षांची होती तोवर कुठंही जाणं सोपं होतं. कडेवर घेतली की झालं. पाहणाऱ्याला वाटायचं, लाडावलेली पोर आहे. आता तिचं वजन 31 किलो आहे आणि माझी कंबर पंचेचाळिशीची. कडेवरची मुलं व्हीलचेअरवर आली की आपण वर्षानुवर्षं पाहिलेलं गाव एकदम बदलतं. ज्या पायरीवर रोज पाय देऊन चढलो, ती पायरी तिथं आहे हे तेव्हा पहिल्यांदा दिसतं.

बाथरूमचं आधी सांगते, कारण अर्ध्या सहली तिथंच संपतात. दारावर व्हीलचेअरचं चित्र असतं. आत पाहावं तर फिनेलचे कॅन, झाडू, उलटी ठेवलेली बादली. कधी कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला असतो. समजा उघडं मिळालं, तरी व्हीलचेअर आत पूर्ण वळायला साधारण पाच फुटांची मोकळी जागा लागते. ती नसेल तर मुलीला दारातूनच उचलायचं. आणि मोठ्या मुलांचे डायपर बदलायला जागा? ती मी आपल्याकडे जवळजवळ कुठंच पाहिलेली नाही. तान्ह्या बाळासाठी फळी असते, बारा वर्षांच्या मुलीसाठी नाही. म्हणून आमच्या गाडीत एक योगा मॅट, दोन जुन्या साड्या आणि कपड्यांना लावायचे चिमटे कायम असतात. मागची सीट पाडायची, खिडक्यांना साड्या लावायच्या. शोभिवंत नाही, पण चालतं.

दुसरी गोष्ट फोनची. कुठंही फोन करून "व्हीलचेअर येते का?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "हो हो, येते ना!" समोरचा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या मनात दोन धट्टेकट्टे पुरुष व्हीलचेअर उचलून नेत असतात. तुम्ही विचारा, "गेटपासून आतपर्यंत किती पायऱ्या आहेत?" आकडा विचारला की माणूस उठून बघून येतो. "तशा नाहीतच, तीनच आहेत," हे वाक्य मी कितीदा ऐकलंय!

तरीही पहिल्यांदा जायचं असेल तर आमच्यातलं एक जण आदल्या आठवड्यात एकटं जाऊन येतं. खिशात शिंप्याचा टेप. आमची खुर्ची चाकांसकट 25 इंच रुंद आहे, त्यामुळे 30 इंचांचं दार चालतं, 26 इंचांच्या दारात बोटं सोलतात. रॅम्पचं गणित सोपं आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांच्या ओट्याला पाच फुटांचा रॅम्प बांधला असेल तर तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. असा उतार उतरायची वेळ आलीच तर खुर्ची उलटी फिरवा, आपण उताराच्या बाजूला उभे राहा आणि मागं मागं चालत उतरा. सरळ नेली तर मूल पुढं कलंडतं आणि तुमच्या हातात नुसती मुठीची पकड उरते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करून जायचं कुठं? बडोद्यात माझं उत्तर एकच: कमाटीबाग. कागदावर तिचं नाव सयाजीबाग. 1879 मध्ये विश्वामित्रीच्या काठी ही बाग झाली, शंभर एकरांहून मोठी, आणि सयाजीरावांनी ती रयतेसाठी खुली केली. आम्ही सकाळी साडेसातला पोचतो, तेही रविवार सोडून. सपाट रस्ते, जुन्या झाडांची सावली, फिरायला येणारे आजोबा. त्यांना आता आमची ओळख झालीय, त्यामुळे ते "काय झालं हिला?" असं विचारत नाहीत, "आज उशीर केलात" असं म्हणतात. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात, तेव्हा आम्ही घरी असतो.

त्याच आवारात म्युझियम आहे, 1894 सालचं. आत इजिप्तची ममी आहे, पण आमच्या लेकीचं सगळं प्रेम व्हेलच्या सांगाड्यावर. सुमारे सत्तर फूट लांब! पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिला घाईघाईनं पुढं ढकलत होते, तिकिटात सगळं बघून व्हायला हवं ना! तिनं ब्रेक लावला. खरंच, हातानं खुर्चीचा ब्रेक लावला. व्हेलजवळ आम्ही चाळीस मिनिटं होतो आणि मग घरी आलो, दुसरं काही न बघता. तेव्हापासून आमचा नियम झाला: एका दिवशी एकच गोष्ट. आणि ती दमण्याआधी परत फिरायचं. दमल्यावर फिरलो तर परतीचा रस्ता तिच्या रडण्यात जातो आणि पुढच्या वेळी तीच "नको" म्हणते.

माझा अनुभव एका मुलीचा. बाकीचं मी थेरपीच्या बाहेरच्या बाकावर शिकले. तिथं बसलेल्या आया म्हणजे चालतं विद्यापीठ. एकीचा मुलगा ऑटिस्टिक. ती आदल्या दिवशी त्याला मोबाइलवर फोटो दाखवते, क्रमानं: हे गेट, हा माकडांचा पिंजरा, हा बाक जिथं आपण डबा खाणार, ही आपली परतीची रिक्षा. शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, म्हणे. दुसरीच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं बसवलेलं यंत्र. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर घर्षणानं स्थिर वीज तयार होते, तिनं यंत्र बिघडू नये म्हणून ती कानामागचं यंत्र आधी काढून पर्समध्ये ठेवते. त्या दोन मिनिटांत त्याला ऐकू येत नाही, हे खाली उभं राहणाऱ्याला माहीत असावं लागतं. तिसरीच्या मुलीला जन्मतः मणक्याचा दोष आहे, स्पायना बिफिडा. या मुलांमध्ये रबराच्या लॅटेक्सची अ‍ॅलर्जी पुष्कळ आढळते. म्हणजे जत्रेतला साधा फुगासुद्धा विचारून घ्यायचा. शिवाय पायांना संवेदना नसेल तर उन्हात तापलेल्या पत्र्यावर बसलेलं पोराला कळतच नाही. आधी आपला तळहात टेकवून पाहायचा.

उत्तरायणाचं, म्हणजे इकडच्या पतंगांच्या संक्रांतीचं, सांगायलाच हवं, कारण बडोद्यात 14 जानेवारीला घरात बसणं ही शिक्षा आहे. सगळं गाव गच्चीवर. आम्ही तिला सकाळी एकदाच वर नेतो आणि ऊन कलल्यावरच खाली आणतो. खुर्ची भिंतीला टेकवून, कठड्यापासून लांब, ब्रेक लावून, बेल्ट बांधून. मांज्यापासून गळा झाकायला ओढणी. आणि तिचं काम फिरकी धरण्याचं. शोभेचं काम नाही हं! ढील सोडताना फिरकी मोकळी फिरू द्यायची, खेच मारली की आवरायची, त्यात चूक झाली तर पतंग जातो आणि भाऊ ओरडतो. तो तिच्यावर अगदी मनापासून ओरडतो, तेव्हा मला फार बरं वाटतं. ज्या मुलांना पिपाण्यांचा आणि स्पीकरचा त्रास होतो, त्यांनी भल्या सकाळी, सगळी गच्ची जागी व्हायच्या आत तासभर जाऊन यावं.

कायद्याचं झटपट उरकते. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत, आधी सातच होते. म्हणजे ज्या मुलांना पूर्वी दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा कागदच मिळत नव्हता, त्यांनाही आता मिळू शकतो. तो कागद काढा. आधाराशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या मुलाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के सवलत आहे, मात्र त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. इमारतींबद्दलच्या सुगम्य भारत अभियानाची सुरुवात 3 डिसेंबर 2015 ला झाली. रॅम्प किती झाले ते आपण रोज बघतोच. बाथरूममधल्या बादल्यांबद्दल मात्र आम्ही आता लेखी तक्रार करतो. एका ठिकाणी खरोखर हलवल्या.

लोक बघतात, त्याचं काय, असं नव्या आया विचारतात. बघतात. एकदा एका देवळाबाहेर एका बाईंनी लेकीच्या मांडीवर दहाची नोट ठेवली आणि नमस्कार करून गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. लेक म्हणाली, "आई, बरफगोळा." आम्ही कालाखट्टा घेतला. उरलेले पैसे मी घातले.

एक गोष्ट राहिली, मोठ्या मुलाची. तो पंधरा वर्षांचा आहे आणि त्याला बडोद्याजवळचा पावागड डोंगर चढायचा होता. पावागडला 1986 पासून रोपवे आहे, पण उतरल्यावर कालिकामातेपर्यंत पायऱ्या उरतातच. वर्षभर आम्ही त्याला "बघू" म्हणत होतो. हे "बघू" भावंडांच्या वाट्याला फार येतं. शेवटी या डिसेंबरात विभागणी केली. तो आणि त्याचे बाबा पायी वर गेले. मी आणि लेक माचीला, जिथून रोपवे सुटतो तिथं, थांबलो, सावली धरून. डब्यात थेपले होते. रोपवेचे पाळणे वर जाताना आणि खाली येताना एकमेकांना कुठं ओलांडतात, ते तिनं मोजून ठरवलं आणि मग प्रत्येक पाळण्याला हात केला. काहींनी उलट हात केला, त्याचाही हिशेब तिच्याकडे होता.

दोघं खाली आले तेव्हा भाऊ घामानं निथळत होता. वर काय पाहिलं ते तो सांगू लागला, तर हिनं त्याला थांबवलं. "आधी माझं," म्हणाली. "एकवीस जणांनी हात केला." आणि मग, "हां, आता सांग. माकडं होती का?"