छाटणीआधी खांदा, थंडीआधी पोटरी

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस परतीला लागलाय. दिंडोरी, निफाड, चांदवडकडे द्राक्षबागांत गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठी करायच्या छाटणीची, लगबग सुरू होते आहे. दिवाळी उरकली की नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटेची गर्दी वाढेल. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्यापुढे येणाऱ्या दुखण्यांनाही असाच हंगाम असतो. छाटणीत खांदे आणि मनगटं, थंडीत पोटऱ्या आणि टाचा, इगतपुरी-पेठकडे भाताची आवणी झाली की कंबर, आणि पावसाळाभर मुरगळलेले घोटे.

"हवा बदलली की दुखणं यायचंच," असं आपण सहज म्हणून जातो. हवेचा वाटा आहे, नाही असं नाही. गारठ्यात स्नायू आखडतात, नसांमधून जाणारे संदेश थोडे मंदावतात, तोल सावरायला उशीर होतो. पण माझं स्पष्ट मत असं की मोठा दोष हवेचा नाही. ऋतूबरोबर आपलं काम बदलतं, आणि ते एका रात्रीत बदलतं. शरीराला तेवढा वेळ मिळत नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो. पण स्नायू ज्या कंडऱ्याने हाडाला बांधलेला असतो, तो कंडरा संथ चालीचा. त्याला तयार व्हायला महिने लागतात. दुखापती होतात त्या बहुतेक या मधल्या काळात.

म्हणून फिजिओथेरपिस्टकडे दुखणं घेऊनच यावं लागतं, हा समज मला मोडायचा आहे. शेक, करंट, मशीन हा आमच्या कामाचा लहानसा भाग. काम बदलायच्या महिना-दीड महिना आधी या. आम्ही तुम्हाला खाली बसून उठायला सांगू, एका पायावर उभं करू, हात वर न्यायला लावू, पकड बघू. आणि एक प्रश्न नक्की विचारू, की याआधी इथे कधी लागलं होतं का? कारण जिथे एकदा दुखापत झाली, तिथेच पुन्हा होण्याची भीती सर्वांत जास्त. एवढ्या तपासणीवरून तुमच्यापुरते तीन-चार व्यायाम ठरतात. घरी करायला रोजची पंधरा मिनिटं पुरतात.

आता छाटणीचंच बघू. मांडवाखाली उभ्या असलेल्या माणसाकडे नीट पाहा. मान मागे टाकलेली, दोन्ही हात खांद्याच्या वर, मुठीत कात्री, मनगट वाकडं, आणि दिवसभर काडीमागून काडी तोडत जायचं. हात असा वर असताना खांद्याच्या सांध्यातल्या अरुंद जागेतून कंडरे जातात, त्यांच्यावर ताण येत राहतो. त्यात पाठ पोक काढून असेल तर ताण आणखी वाढतो. पटत नसेल तर आत्ता बसल्या जागी करून बघा. पाठ वाकवा, खांदे पुढे पाडा आणि एक हात वर न्या. कुठे अडला ते लक्षात ठेवा. आता ताठ बसा आणि तोच हात पुन्हा वर न्या. पुष्कळ वर गेला ना? ही करामत खांद्याच्या पात्याची आहे. पाठ सरळ झाली की पातं मोकळेपणी फिरतं आणि हाताला वाट मिळते.

तेव्हा छाटणीआधीची तयारी पात्यापासून करायची. सायकलची जुनी ट्यूब खांबाला अडकवा, दोन्ही टोकं हातात धरा, कोपर अंगाजवळ ठेवून मागे ओढा आणि पाती एकमेकांजवळ आणा. बारा ते पंधरा वेळा, असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. मनगटासाठी अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्या. हात टेबलावर पालथा, मनगट काठाबाहेर. दुसऱ्या हाताच्या मदतीने बाटली वर आणा आणि मदत सोडून हळूहळू, चार-पाच आकडे मोजत खाली न्या. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जी कळ येते, ती टाळण्यासाठी हा व्यायाम मला फार मोलाचा वाटतो.

बागायतदार मंडळींनाही सांगते. कात्रीला धार असली की बोटांना जोर कमी लागतो. मांडव उंच असेल तर मजुराला उभं राहायला भक्कम पाट द्या, हात तेवढे खाली येतात. आणि छाटणाऱ्याने तासा-दीड तासाने काड्या गोळा करणाऱ्याशी काम बदलून घ्यावं. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या बऱ्याचदा एकरावर उक्तं काम घेतात. त्यांना थांबणं परवडत नाही. हात उचलेनासा होईपर्यंत ही माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत, कारण एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. आपली द्राक्षं साता समुद्रापार जातात ती या खांद्यांवरून. टोळी बागेत आली की पहिल्या सकाळी दहा मिनिटं मुकादमाने सगळ्यांचे खांदे फिरवून घ्यावेत, इतकी अपेक्षा जास्त नाही.

वाकून करायच्या कामाचंही बोलते, कारण पुढे रब्बी कांद्याची लागवड आहे. वाफ्यात बराच वेळ वाकून राहिलं की कण्याचे बंध ताणून सैल पडतात आणि उठल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. त्याच क्षणी रोपांची पाटी किंवा क्रेट उचललं की कंबर धरते. म्हणून उठल्यावर हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुका, मिनिटभर चाला, मग ओझ्याला हात लावा. झोपेतून उठल्यावरही तसंच. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, त्या वेळी कंबरेत वाकणं त्यांना सोसत नाही. रात्रीच्या वीजपाळीला अंथरुणातून उठून थेट मोटारीवर जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आता थंडी. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत शहरात धावायचा उत्साह चढतो. उत्साह हवाच. सावरपाड्याची आपली कविता राऊत २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा सगळ्या जिल्ह्याला पाय फुटल्यासारखं झालं होतं. पण तिच्या पायांमागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. ऑफिसात बसणाऱ्या माणसाने नवे बूट घालून पहिल्याच रविवारी पाच किलोमीटर पळू नये. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. घरातून निघताना आधी पाच-दहा मिनिटं रमतगमत चाला, पाय पुढे-मागे झुलवा, गुडघे उचला. एकच स्नायू मिनिटभर ताणून धरायचा प्रकार धावून झाल्यावर करा. आधी केला तर स्नायूचा जोर काही वेळ कमी होतो.

पोटरी तयार आहे का, हे आत्ताच तपासता येईल. स्वयंपाकघरात असाल तर ओट्याला हात टेकून उभे राहा. एक पाय उचला, दुसऱ्या पायाची टाच पूर्ण वर न्या आणि सावकाश खाली आणा. धडधाकट तरुणाला हे वीस-पंचवीस वेळा जमायला हवं. वय वाढलेलं असेल तर आकडा कमी चालेल. दहालाच पोटरी थरथरली तर धावण्याआधी महिनाभर हाच व्यायाम करा, एक दिवसाआड. साठीच्या पुढच्यांनी दोन्ही टाचा एकत्र उचलाव्यात.

आजी-आजोबांसाठी मला याहून महत्त्वाचा वाटतो तोल. थंडीत पहाटे अंधार असतो, अंगात दोन स्वेटर, पायांत मोजे, मोरी ओली. जगभरातल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावर असं दिसलं, की घरी राहणाऱ्या ज्येष्ठांनी व्यायाम केला तर त्यांचं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. त्यात तोलाच्या व्यायामांचा वाटा मोठा आहे. भिंतीजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावायची आणि दहा आकडे मोजायचे. सुनेने, नातवाने सुरुवातीला जवळ उभं राहावं. आणि नुसत्या मोज्यांवर फरशीवरून चालू देऊ नये.

उन्हाळ्याबद्दल एवढंच, की अंगाला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर उन्हातलं जड काम हळूहळू वाढवा. आणि पावसाळ्यात रामशेज किंवा अंजनेरी चढणाऱ्यांनी आधी तीन-चार आठवडे जिना उतरायचा सराव करावा. मांड्या भरून येतात त्या उतारावर. घोटा एकदा मुरगळला असेल तर सूज गेली म्हणजे काम झालं असं समजू नका. एका पायावर तोल धरण्याचा व्यायाम पुढे काही महिने चालू ठेवा.

व्यायामाची वाट न बघता आधी डॉक्टरांकडे जायचं, असेही प्रसंग आहेत. पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, सांध्याचा आकार बदललेला दिसत असेल, पाठदुखीबरोबर पायातला जोर गेला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी दाखवा. मालिश, झटका यांच्या नादी लागू नका.

बाकी तपासणीसाठी जिल्हा रुग्णालय आहे, मराठा विद्या प्रसारक समाजाच्या (मविप्र) फिजिओथेरपी महाविद्यालयासारख्या संस्था आहेत, तुमच्या गावाजवळचे फिजिओथेरपिस्ट आहेत. येताना छाटणीची कात्री घेऊन या, धावायचे बूट घेऊन या. कात्रीची मूठ हाताला मोठी होते का, बुटाचा तळ कोणत्या बाजूने झिजलाय, यावरून आम्हाला पुष्कळ कळतं. नमस्कार.