ड्रॅगन एजची नऊ वर्षं: उशिरापेक्षा जास्त नुकसान कशानं केलं?

(स्क्रीनवर: ‘ट्रेसपासर’चं शेवटचं दृश्य)

हे दृश्य नीट बघा. टेबलावर नकाशा पसरलाय, भोवती जुने सोबती उभे आहेत. सोलसला, म्हणजे यांच्याच एका जुन्या सोबत्याला, थांबवायचंय, पण या सगळ्यांची खोड न् खोड त्याला ठाऊक आहे. म्हणजे तो ज्यांना ओळखतच नाही अशी माणसं शोधायला हवीत. आणि मग इन्क्विझिटर, म्हणजे खेळाडूचा नायक, खंजीर काढतो आणि नकाशात रोवतो. बरोब्बर टेव्हिंटर या देशावर.

नमस्कार मंडळी. हे दृश्य आहे सप्टेंबर २०१५ मधलं, ‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेम मालिकेतल्या ‘इन्क्विझिशन’च्या शेवटच्या डीएलसीमधलं, म्हणजे गेमनंतर वेगळ्या आलेल्या ‘ट्रेसपासर’ या जादा भागातलं. पुढचा गेम कुठे घडणार, समोर कोण असणार, नवा नायक का लागणार, हे सगळं तिथं सांगून झालं होतं. आणि तो पुढचा गेम, ‘द व्हेलगार्ड’, आपल्या हातात पडला ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी. मध्ये नऊ वर्षं गेली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वेळ लागला म्हणून या गेमचं नुकसान झालेलं नाही. गेम चालवणारी माणसं पुन्हा पुन्हा बदलली, प्रत्येक बदलाबरोबर गेम कुठल्या जातीचा असणार हेच बदललं, आणि आधीचं बांधकाम मात्र कधी पूर्ण पाडलं गेलं नाही. मला ही मालिका मनापासून आवडते, म्हणून हा व्हिडिओ जरा सविस्तर आहे.

ही मालिका बनवणारा बायोवेअर हा कॅनडातल्या एडमंटनचा स्टुडिओ, १९९५ पासूनचा. बॉल्डर्स गेट या गेम मालिकेचे पहिले दोन भाग यांचेच. मालक ईए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी. २००९ मध्ये ड्रॅगन एजचा पहिला भाग ‘ओरिजिन्स’, २०११ मध्ये दुसरा भाग, २०१४ मध्ये इन्क्विझिशन, ज्याला त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेमचा मान मिळाला. तोही ऑक्टोबरवरून नोव्हेंबरवर ढकलला गेला होता, हे आज कुणाच्या लक्षातही नाही.

ट्रेसपासरनंतर लगेच काम सुरू झालं. पुढच्या गेमच्या या पहिल्या आवृत्तीचं आतलं नाव होतं जॉप्लिन. क्रिएटिव्ह डायरेक्टर माइक लेडलॉ, एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर मार्क डॅरा, म्हणजे इन्क्विझिशनचीच जोडी. टेव्हिंटरमध्ये हेरगिरी, मोठमोठ्या चोऱ्या, आकार लहान पण प्रत्येक निर्णयाचा परिणाम खोलवर. पण स्टुडिओत ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’ हा दुसरा गेम अडचणीत आला, म्हणून जॉप्लिनची माणसं तिकडे धाडली. ती परत येतात न येतात तोच ‘अँथम’ हा आणखी एक गेम अडचणीत आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये जॉप्लिन बंदच केला. त्याच महिन्यात लेडलॉ यांनी बायोवेअर सोडलं.

डॅरा मागे राहिले, हाताशी अगदी थोडी माणसं. नवं आतलं नाव मॉरिसन, नवे क्रिएटिव्ह डायरेक्टर मॅथ्यू गोल्डमन. आणि वरून आलेली दिशा एकदम वेगळी: गेम ऑनलाइन हवा, अनेकांनी मिळून खेळायचा हवा, वर्षानुवर्षं चालू राहील असा हवा. लाइव्ह सर्व्हिस.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी गोम इथेच आहे.

ड्रॅगन एजमध्ये माझ्या निर्णयानं जग बदलतं. मी एखाद्या गावाला वाऱ्यावर सोडलं, तर ते गाव उजाड होतं. पुढे तिथून जाताना दुकान बंद दिसतं, ओळखीचा माणूस भेटत नाही. आता समजा तुम्ही आणि मी एकाच गावात ऑनलाइन भेटलोय. तुम्ही गाव वाचवलंय, मी नाही. मग समोर दिसणारं गाव कुणाचं? यावर तांत्रिक तोडगे आहेत, पण सगळे महाग आणि किचकट. म्हणून सरळ मार्ग असा की निर्णयच छोटे ठेवायचे. कुणी मरायचं नाही, काही जळायचं नाही, मोहिमा सुटसुटीत आणि पुन्हा पुन्हा खेळता येतील अशा. असा गेम वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण त्याचा पायाच वेगळा पडतो: नकाशे, संवाद, सोबती, सगळ्याचाच.

डिसेंबर २०१८ मध्ये छोटा टीझर आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अँथम आला आणि आपटला. मग ३ डिसेंबर २०२० रोजी एकाच दिवशी दोन निरोप जाहीर झाले: स्टुडिओप्रमुख केसी हडसन आणि मार्क डॅरा. ड्रॅगन एजची सूत्रं ख्रिश्चन डेली यांच्याकडे गेली, स्टुडिओची गॅरी मॅके यांच्याकडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अँथमची दुरुस्तीही रद्द झाली, आणि त्याच सुमारास बातमी आली की ड्रॅगन एज पुन्हा एकट्यानं खेळायचा गेम होणार.

आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. करायलाच हवा होता, निर्णय बरोबरच होता. पण चाळीसाठी पाया घालून झाल्यावर त्याच खांबांवर बंगला चढवायला सांगितलं, तर खोल्या चाळीच्याच मापाच्या निघणार. माझ्या मते त्या दिवशी कागद कोरा करून पुन्हा सुरुवात करायला हवी होती. त्यासाठी लागणारा पैसा आणि वेळ ईएनं दिला नाही. आणि वरची खुर्ची तर अजून स्थिर व्हायचीच होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये गोल्डमन गेले, जॉन एपलर क्रिएटिव्ह डायरेक्टर झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये डेलीही गेले. मग गेम डायरेक्टर म्हणून कोरीन बुश यांचं नाव पुढे आलं. जूनमध्ये गेमला ‘ड्रेडवुल्फ’ हे नाव मिळालं, आणि दोन वर्षांनी, बाजारात येण्याच्या जेमतेम पाच महिने आधी, तेही बदललं.

आता एक गोष्ट जवळून दाखवते.

(स्क्रीनवर: दोन शहरांवर ड्रॅगन)

ज्यांनी गेम खेळलाय त्यांना हा प्रसंग नक्की आठवत असेल. मिनराथस आणि ट्रेव्हिसो, दोन्ही शहरांवर एकाच वेळी ड्रॅगन तुटून पडतात आणि तुम्ही एकाच ठिकाणी पोहोचू शकता. मिनराथसला गेलात तर ट्रेव्हिसोत कीड पसरते आणि लुकानिस हा तुमचा सोबती मनानं कठोर होतो. ट्रेव्हिसोला गेलात तर मिनराथस व्हेनेटोरी या कट्टर गटाच्या तावडीत जातं आणि नेव्ह ही सोबतीण कठोर होते. माझ्या मते पहिल्या अर्ध्या गेममधला हा सगळ्यात जिवंत क्षण आहे. २०२५ मध्ये ब्लूमबर्गनं आतल्या लोकांशी बोलून जो वृत्तांत छापला, त्यानुसार २०२२ च्या चाचणी आवृत्तीवर खेळणाऱ्यांची तक्रार होती की निर्णयांना वजनच नाही, आणि त्यानंतर हा प्रसंग घालण्यात आला. म्हणजे ज्या प्रसंगासाठी आपण ड्रॅगन एज खेळतो, तो इतक्या उशिरा आला. आणि जुन्या भागांमधले किती निर्णय पुढे आले? तीन. इन्क्विझिटरचं प्रेम कुणावर होतं, इन्क्विझिशन ही संघटना बरखास्त केली का, आणि सोलसबद्दल काय शपथ घेतली. बाकी पंधरा वर्षांचं सगळं जग बाजूला राहिलं.

संवादांचंही तसंच. काही ठिकाणी पात्रं उगाच थट्टेच्या सुरात बोलतात, तर पुढच्याच दृश्यात एकदम गंभीर होतात. त्याच वृत्तांतात म्हटलंय की तो थट्टेचा सूर कमी करण्यासाठी संवाद शेवटी शेवटी पुन्हा लिहून घेतले गेले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, गेम तयार होत असतानाच, सुमारे ५० जणांना काढलं. त्यात लेखिका मेरी कर्बी होत्या, ज्यांनी व्हॅरिक हे पात्र घडवलं, ज्या ओरिजिन्सपासून या मालिकेत होत्या. हे मला आजही पटत नाही. सूत्रं हाती असलेली माणसं बदलत असताना मालिकेची आठवण कुणाकडे असते? लेखकांकडे. आणि त्यांनाच घरी पाठवलं.

जानेवारी २०२५ मध्ये ईएनं सांगितलं की साधारण १५ लाख खेळाडूंपर्यंत गेम पोहोचला, अपेक्षेपेक्षा जवळपास निम्म्यानं कमी. त्याच महिन्यात बुश यांनीही स्टुडिओ सोडला आणि बायोवेअर शंभराहून कमी माणसांवर आला. फेब्रुवारीत ईएचे प्रमुख अँड्र्यू विल्सन म्हणाले की खेळाडूंना आता चांगल्या कथेबरोबरच एकत्र खेळण्याच्या सोयीही हव्या असतात.

मला हे निदान अजिबात मान्य नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बॉल्डर्स गेट ३’ आला. हो, त्यात मित्रांबरोबर खेळता येतं. पण तो कुणाला अडवत नाही, एकट्यानं सगळी कथा खेळा, आणि निर्णय तर असे की एखादा सोबती कायमचा गमवाल. तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओनं तीन वर्षं अर्धवट आवृत्ती लोकांसमोर ठेवून दुरुस्त केली, आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत दिग्दर्शक एकच, स्वेन विंके. ज्या मालिकेची सुरुवात बायोवेअरनं केली तिचाच तिसरा भाग दुसऱ्या कुणीतरी असा करून दाखवला, तोही व्हेलगार्डच्या एक वर्ष आधी.

तुमच्यापैकी अनेकांनी विचारलंय, सेलमध्ये घ्यावा का? घ्या. लढाई झकास आहे, बघायला सुंदर आहे, आणि शेवटचे काही तास खरंच थरारक आहेत. त्या शेवटासाठी मास इफेक्टची टीम मदतीला आली होती आणि ते जाणवतं. फक्त थेट यापासून सुरुवात करू नका. आधी ओरिजिन्स, निदान इन्क्विझिशन तरी, आणि ट्रेसपासर काही झालं तरी चुकवू नका. सोलस कोण आहे ते तिथे कळतं, आणि व्हेलगार्डचा शेवट पूर्णपणे त्याच्यावरच उभा आहे.