किलिमांजारोच्या उतारावरचा ईस्टर

(लघुमाहितीपट : निवेदन)

[दृश्य : अंधार. केळीच्या बागा. पानांवरून ठिबकणारं पाणी. दुरून पितळी वाद्यांचा सूर.]

पहाटेचे साडेपाच. टांझानियातला किलिमांजारो पर्वत, त्याचा दक्षिण उतार, उंची साधारण दीड हजार मीटर. मार्च ते मे हा इकडचा मोठा पावसाळा, त्याला मसिका म्हणतात, आणि ईस्टर दर वर्षी याच पावसात सापडतो. रात्रभर कोसळून आता कुठे उघडलंय. ऐकू येतंय ते चर्चच्या अंगणातलं वादन. वादक बारा आहेत. येशूच्या कबरेवरचा दगड बाजूला झाल्याची, म्हणजे तो मेलेल्यांतून उठल्याची, बातमी चागा लोकांच्या या गावात पहिल्यांदा पोचते ती यांच्या फुंकरीतून.

[दृश्य : कंदिलाच्या उजेडात कर्णे, ट्रॉम्बोन, टेनर हॉर्न, युफोनियम, ट्युबा. एक वादक पिस्टन काढून फडक्याने पुसतो आहे.]

थंड पितळ नेहमी खालच्या सुरात बोलतं. म्हणून वादक अर्धा तास आधी येतात, वाद्य कोटाच्या आत धरतात आणि दहा-पंधरा मिनिटं नुसती ऊब फुंकतात. सूर जुळवायची नळी त्यानंतर सरकवायची. आधी जुळवली तर दुसऱ्या गीतापर्यंत सगळा ताफा वर चढतो आणि गाणाऱ्यांचे गळे ताणले जातात.

पिस्टन अडकतो तो धूळ आणि वाळलेल्या लाळेमुळे. त्यात कुणी स्वयंपाकाचं तेल घातलं की चारच दिवसांत त्याचा चिकटा होतो आणि वाद्य ऐन उपासनेत दगा देतं. खास तेल गावात मिळत नाही, तेव्हा शिलाई मशीनचं पातळ तेल चालवून घेतात, थेंब-दोन थेंब, जास्त नाही. तोंडाकडचा भाग अडकून बसला तर पक्कड लावायची नाही, लाकडाने भोवतीनं हलकेच ठोकायचं. हे सगळं इथे म्हातारा वादक पोराला शिकवतो. त्यासाठी कुणी बाहेरून यावं लागत नाही.

[दृश्य : स्वरलिपीचं मळकं पान, जवळून. दोन वादक आणि एक गायिका एकाच पानावर वाकलेले.]

वाद्यं आणली ती जर्मन मिशनऱ्यांनी. जर्मन चर्चच्या पद्धतीत कर्णेवाला आणि गाणारा एकच पान वाचतात. इतर बँडमध्ये बी-फ्लॅट कर्ण्यासाठी सूर वर सरकवून वेगळं पान लिहावं लागतं. इथे ती भानगड नाही, म्हणून उपासनेत अचानक गीत बदललं तरी ताफा गोंधळत नाही. गीतसंग्रहाची एक प्रत तिघांत पुरते, आणि प्रती कमीच असतात.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. दगडी चर्च. मग आजचं पत्र्याचं छप्पर.]

लाइपझिग मिशन या जर्मन लुथरन संस्थेची माणसं या डोंगरावर 1893 साली आली आणि माचामेला त्यांचं पहिलं ठाणं झालं. 1896 मध्ये टांझानियातल्याच मेरू पर्वताच्या पायथ्याशी त्यांच्यातले दोघे मारले गेले. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 पर्यंत, ब्रिटिशांनी जर्मन मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. तेव्हा मंडळ्या, म्हणजे गावोगावचे चर्चचे समुदाय, चालवल्या त्या इथल्याच शिक्षकांनी. शाळा त्यांनी चालवल्या, बाप्तिस्म्याचे वर्ग त्यांनी घेतले. मिशनच्या इतिहासात या शिक्षकांच्या वाट्याला एखादी ओळ येते, तिथे एक प्रकरण हवं. 1963 साली सात लुथरन चर्चसंघटना एकत्र येऊन टांझानियाची आजची लुथरन चर्च उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख स्तेफानो मोशी, याच डोंगरातले.

[दृश्य : एक कुटुंब चिखलाच्या वाटेने चढतं आहे. आई कितेंगे हे रंगीत छापील कापड नेसलेली, वडिलांच्या खांद्यावर पिशवी, दोन मुली गमबुटांत.]

हे कुटुंब जर्मनीहून आलंय. वडील बायबल शाळेत शिकवतात, आई चर्चच्या दवाखान्यात काम करते. दोघांना बोलावणं गेलं ते इथल्या धर्मप्रांताकडून, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या चर्चच्या विभागाकडून. काय काम करायचं, कुठे राहायचं, सुट्टी केव्हा, हे धर्मप्रांत ठरवतो. आज उपासनेत त्यांच्याकडे कसलंच काम नाही. बसायचं, उभं राहायचं, गायचं आणि जिथे बसवतील तिथे बसायचं.

उपासना वेळेवर गाठणं हाच नव्या माणसाचा पहिला पेपर. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. फलकावर ‘एक वाजता’ लिहिलं असेल तर ते आपले सकाळचे सात. ज्यांना कुणी सांगितलं नाही ते दुपारी एकला येतात आणि रिकामी बाकं पाहून परततात. हे कुटुंब पावणेसातला दारात आहे.

[दृश्य : चर्चमागचं स्वयंपाकघर. विस्तवाशी धरलेला ढोल. चामड्यावर अंगठा.]

लाकूड कोरून त्यावर गाईचं कातडं ताणलेला हा ढोल. पावसाळी हवेत कातडं ओल पितं, सैल पडतं आणि आवाज नुसता धबधबतो. आपल्याकडे हलगी शेकतात तसाच हाही शेकतात. वाळक्या केळपानांचा जाळ, हातभर अंतर, ढोल सतत फिरता, पंधरा मिनिटं. जाळाजवळ नेला तर खुंट्यांच्या कडेला कातडं चिरतं, आणि चिरलेलं कातडं सांधता येत नाही, बदलावंच लागतं. ताण पुरेसा झाला की नाही ते अंगठा सांगतो. तासाभरात कातडं पुन्हा सैलावतं, म्हणून ढोल दोन ठेवलेत. एक आत वाजतो, दुसरा चुलीपाशी तयार असतो. मधे फिरणारा तो मुलगा फक्त एवढंच काम करतो, आणि त्याच्याशिवाय उपासना चालत नाही.

[दृश्य : दारं उघडतात. पाळक, मंडळीचे वडीलजन, गायनवृंद आत येतात. सगळे उभे.]

पाळक म्हणतात, क्रिस्तो अमेफुफुका. पाचशे-सहाशे गळे उत्तर देतात, क्वेली अमेफुफुका. मराठी मंडळीत ‘प्रभू उठला आहे’ म्हटल्यावर ‘खरोखर उठला आहे’ म्हणणाऱ्याला इथे दुभाषी नको.

[दृश्य : ढोल, कायांबा या खुळखुळ्याची सळसळ, पितळी वाद्यं. स्त्रिया जिभेने किलकारी काढतात. मुलींचे चेहरे.]

हे गीत नीट ऐका. ‘म्फुराहिनी, हालेलुया’, म्हणजे ‘आनंद करा, हालेलुया’. चाल हाया लोकांची, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला राहणाऱ्यांची. शब्द बर्नार्ड क्यामान्वा यांचे, 1966 चे. ते तेव्हा अरुशाजवळच्या माकुमिरा इथे लुथरन धर्मशास्त्र शिकत होते. तिथे शिकवणारे अमेरिकन मिशनरी हॉवर्ड ओल्सन यांनी एक साधी गोष्ट केली. विद्यार्थ्यांना ते आपापल्या गावच्या चाली घेऊन यायला सांगत, आणि त्या चालींवर गीतं रचली जात. तोवर डोंगरावरच्या मंडळ्या बहुतेक जर्मन चालीच गात होत्या, शब्द तेवढे आपले. ढोलाला कित्येक मिशनरी चर्चबाहेरच ठेवत.

या गीताची बांधणी सोपी आहे. एकाने कडवं म्हणायचं, सगळ्यांनी धृपद धरायचं. त्यामुळे पुस्तक नसलेला, वाचता न येणारा, काल आलेला पाहुणा, तिघेही दुसऱ्या वेळेपासून गाऊ लागतात. धाकटी मुलगी बघा, तिसऱ्या धृपदाला ती शब्दांसकट गातेय. हे गीत आज अमेरिकन लुथरनांच्या गीतसंग्रहात इंग्रजीतून आहे. माकुमिराच्या वर्गातून ते तिकडे गेलं.

आपल्या मंडळीला हे कळायला हवं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणलं, तेव्हा मराठी मंडळीचा आवाज तिला सापडला. मंडळी स्वतःच्या चालीत गायला लागते तेव्हाच ती आपल्या पायावर उभी असते.

[दृश्य : कुटुंब पुढे उभं. मंडळी टाळ्या वाजवते.]

पाहुण्यांना पुढे बोलावणं ठरलेलंच. नाव सांगायचं, कुठून आलो ते सांगायचं, आपल्या मंडळीचा नमस्कार पोचवायचा आणि एक कडवं गायचं. तीन मिनिटं पुरे. स्वाहिलीत चुकलं तरी चालतं, पण मोठं भाषण चालत नाही. मागे चार गायनवृंद आपली पाळी धरून बसलेले असतात.

[दृश्य : वेदीचा कठडा. गुडघ्यांवर रांग. पाळकांचे हात.]

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. कठड्याशी एका वेळी चोवीस माणसं गुडघे टेकतात. सहाशे जण घ्यायचे म्हणजे पंचवीस फेऱ्या, फेरीला तीन मिनिटं, म्हणजे सव्वा तास. वेळ वाचवायला दोन पाळक लागतात, एक भाकर देणारा, एक प्याला. रांगा सोडणारे वडीलजन मधल्या वाटेवर उभे राहतात. ते नसले की दोन बाकं एकदम उठतात, म्हाताऱ्या माणसांना कठड्याशी जागा राहत नाही आणि फेरी तुटते. गायनवृंदांची गीतं या सव्वा तासासाठी राखून ठेवलेली असतात. दोन मुलींचे जर्मन वडील अकराव्या फेरीत गेले, दोन कॉफीवाल्या शेतकऱ्यांच्या मधे.

[दृश्य : अंगण. केळीचे घड, ॲव्होकॅडोच्या टोपल्या, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. लिलाव करणारा वडीलधारा माणूस.]

आता लिलाव. ज्याच्याकडे रोख नाही तो दान म्हणून जिन्नस आणतो. जिन्नस वेदीपाशी ठेवतात, त्यावर प्रार्थना होते आणि उपासना सुटली की अंगणात त्याची बोली लागते. गावात पगारदार थोडे, शेतकरी पुष्कळ. शेतकऱ्याची अंडी पगारदाराच्या पैशाने चर्चच्या तिजोरीत रोख होऊन पडतात आणि दोघांचंही दान होतं. याहून चांगला हिशोब मला कुठल्याच मंडळीत दिसलेला नाही.

बोली बाजारभावाच्या थोडी खालून सुरू करायची. वरून सुरू केली तर लोक गप्प बसतात. चढती पाचशे किंवा हजार शिलिंगांची. घेणाऱ्याने जागच्या जागी द्यायचं, रोख नाहीतर मोबाईलवरून. ‘नंतर देतो’ इथे चालत नाही. उधारीने लिलाव बुडतो आणि वर भांडण उरतं. दोन वडीलजन वेगवेगळ्या वह्यांत लिहितात आणि शेवटी वह्या जुळवतात.

[दृश्य : कोंबडी जवळून. पायाला केळीच्या सोपाची मऊ दोरी.]

कोंबडीचे पाय केळीच्या सोपाने बांधायचे, सुतळीने नाही. सुतळी रुतते, पाय सुजतो आणि बोली पडते. अंडी आधी पाण्यात टाकून बघायची, तरंगलं ते बाजूला. आणि ही गंमत बघा. ही कोंबडी एका शिक्षिकेने घेतली, पैसे भरले आणि परत टेबलावर ठेवली. पुन्हा बोली. दुसऱ्यानेही तेच केलं. एकाच कोंबडीचे तीनदा पैसे आले, आणि तिसऱ्या घेणाऱ्याने ती या दोन मुलींच्या हातात दिली. पाहुण्याने ती नाकारायची नसते. तसंच, परदेशी खिशातून बोली उंच नेऊन गावकऱ्यांना मागे सारायचंही नसतं. या कुटुंबाने एक केळीचा घड घेतला, भावाला घेतला. बरोबर केलं.

[दृश्य : तीन वडीलजन टेबलाशी नोटा मोजताना.]

आजची जमा पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचली जाईल. पैसे छपराच्या पत्र्यांना जातील.

[दृश्य : तीन दगडांवर भलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं. झाकणावर निखारे.]

दीडशे माणसांचा पिलाव. तांदूळ वीस किलो, गोमांस बारा किलो, कांदा चार किलो, तेल तीन लिटर, जिरं, दालचिनी, वेलदोडे, लवंग, मिरी. कांदा गडद तपकिरी होईपर्यंत परतायचा, कारण पिलावाचा रंग त्याचाच असतो. इतक्या उंचीवर पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून भाताला वेळ जास्त लागतो. घाई करून जाळ वाढवला की तळ करपतो आणि वर कणी राहते. उपाय हाच, पाणी आटलं की खालची लाकडं ओढायची आणि झाकणावर निखारे ठेवायचे. शेजारच्या पातेल्यात म्तोरी, कच्ची केळी आणि मांस शिजवून घोटलेलं दाट सूप. केळी सोलताना हाताला तेल लावायचं आणि लगेच पाण्यात सोडायची, नाहीतर चीक हातावर बसतो आणि केळी काळी पडतात.

[दृश्य : पाळक एका खोलीत वही उघडून बसलेले. दाराशी बाळं घेतलेल्या आया.]

एका पाळकाकडे मुख्य मंडळी आणि वरच्या वाड्यांमधल्या पोटमंडळ्या असतात. एरवी तिथे सुवार्तिक, म्हणजे पाळक नसलेला प्रचारक, उपासना चालवतो, पण प्रभुभोजनासाठी आणि बाप्तिस्म्यासाठी पाळकच लागतो. म्हणून ईस्टरचा सोमवार, जो देशात सुट्टीचा असतो, वरच्या वाडीसाठी. उद्या तिथे अकरा बाळांचा बाप्तिस्मा आहे. पाळक आज एकेका आईकडून नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं पडताळून घेत आहेत. बाप्तिस्म्याचा दाखला पुढे जन्माच्या उशिरा होणाऱ्या नोंदणीला पुरावा म्हणून लावतात, आणि त्यात एक अक्षर चुकलं तर मुलाला शाळेपासून सरकारी कचेरीपर्यंत खेटे घालावे लागतात. जीप सकाळी सहाला निघेल. पाऊस लागला तर वरचे दोन किलोमीटर चालत. प्रभुभोजनाची पेटी जर्मन वडील उचलणार आहेत, आणि बाळांची नावं वाचणार आहेत तिथलेच सुवार्तिक.