निळ्या रक्तातले मँगॅनीज

[दृश्य: पहाटेचा फ्योर्ड, होडीच्या कडेवरून वर येणारा दोर]

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गुलमार फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात, पिंजरे ओढण्याचे काम उजाडण्याआधीच सुरू होते. एका लांब दोराला ठरावीक अंतरावर जाळीचे पिंजरे बांधलेले असतात आणि प्रत्येकात आमिष म्हणून खारवलेल्या हेरिंगचा तुकडा अडकवलेला असतो. वर आलेल्या पिंजऱ्यात फिकट नारिंगी रंगाचा, सडपातळ नांग्यांचा आणि मोठ्या काळ्या डोळ्यांचा जो प्राणी दिसतो आहे, तो नॉर्वे लॉब्स्टर. आपल्या कोकणातल्या शेवंडीचा हा दूरचा भाऊबंद. शेवंडीला नांग्या नसतात, याच्या नांग्या मात्र नजरेत भरण्याइतक्या लांब असतात. मच्छीमार त्याला पाठीकडून धरतो, कवचाची लांबी पट्टीने मोजतो आणि लहान निघालेला जिवंतच पाण्यात सोडून देतो. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात चेंगरलेल्या मालाला अशी सवलत मिळत नाही, हे जाता जाता नोंदवलेच पाहिजे.

[दृश्य: पाण्याखालचा तळ, बिळाचे तोंड]

हा प्राणी मऊ चिखलात बीळ करून राहतो आणि अंधुक उजेडात अन्नासाठी बाहेर पडतो. त्याच्या बिळाभोवतीच्या गाळात मँगॅनीज मुबलक असते, परंतु पाण्यात ऑक्सिजन असेपर्यंत ते ऑक्साइडच्या रूपात गाळातच अडकून राहते आणि कोणाला त्रास देत नाही. अल्प प्रमाणात तर ते सजीवांना आवश्यकच असते. शेतांतून वाहून येणारी खते आणि सांडपाणी यांमुळे समुद्रात शैवाल माजते, ते मरून तळाशी बसते, आणि त्याच्या कुजण्यात तळाचा ऑक्सिजन संपतो. दक्षिणेकडील, स्वीडन आणि डेन्मार्क यांच्यामधल्या कॅटेगाटच्या समुद्रात 1980 च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर घडले आणि एरवी बिळात दडून राहणारे लॉब्स्टर उघड्यावर आले. याच स्थितीत गाळातले मँगॅनीज विरघळून पाण्यात उतरते आणि कल्ल्यांवाटे प्राण्याच्या रक्तात शिरते. येथे धातू ओतणारा कारखान्याचा नळ शोधून सापडणार नाही. धातू पूर्वीपासून तळाशीच होता, त्याची कोठडी तेवढी माणसाने उघडली.

[दृश्य: क्रिस्टिनेबेर्ग येथील सागरी संशोधन केंद्र, टाक्या, मग टेबलावरील लॉब्स्टर]

फ्योर्डच्या काठावरचे क्रिस्टिनेबेर्ग हे संशोधन केंद्र 1877 साली स्थापन झाले. आता जी कृती दिसते आहे तिला हात स्थिर असावा लागतो. लॉब्स्टरला उताणे धरून, पायाच्या मुळाशी जेथे कवच संपून मऊ पापुद्रा लागतो तेथे सुई टोचली जाते. सिरिंजमध्ये उतरणारे रक्त प्रथम जवळजवळ पाण्यासारखे दिसते, आणि हवा लागली की त्याच्यावर निळसर छटा चढते, कारण आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहण्याचे जे काम लोह करते, ते याच्या रक्तात तांबे करते. हे रक्त पटकन साकळते. म्हणून सिरिंजमध्ये साकळू न देणारे द्रावण आधीच भरून ठेवावे लागते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातील पेशी, दीर्घकाळ]

कवचधारी प्राण्यांना आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार करता येत नाहीत. त्यांची सारी भिस्त रक्तात फिरणाऱ्या या पेशींवर असते. काही पेशी जंतूला गिळतात. काहींच्या पोटात दाणे भरलेले असतात, आणि जिवाणूच्या आवरणाचा अंश जाणवला की त्या हे दाणे बाहेर टाकतात. दाण्यांतून प्रोफिनॉलऑक्सिडेज नावाचे निद्रिस्त विकर (एन्झाइम) सुटते, ते जागे होते आणि शेवटी जंतूभोवती मेलॅनिनचा काळा थर चढू लागतो. वांगे चिरून उघडे ठेवले की काळे पडते, त्यामागेही फिनॉलवर काम करणारे असेच विकर असते. स्वयंपाकघरात आपण ज्याला नासाडी म्हणतो, ती लॉब्स्टरच्या अंगात तटबंदी ठरते.

संशोधक बॉडिल हर्नरोथ, सुसान बाडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लॉब्स्टर दर लिटरमागे 20 मिलिग्रॅम मँगॅनीज असलेल्या पाण्यात 10 दिवस ठेवले होते. ऑक्सिजन संपलेल्या तळाशी प्रत्यक्षात आढळू शकेल अशीच ही मात्रा आहे. दहा दिवसांनंतर त्यांच्या रक्तातील पेशींची संख्या सुमारे 60 टक्क्यांनी घटली होती. एवढी घट झाल्यावर रक्तपेशी बनवणाऱ्या ऊतीने वेग वाढवायला हवा होता, पण तेथील पेशीविभाजन वाढलेच नाही; पेशींच्या पक्वतेशी संबंधित एका जनुकाचे कामही 40 टक्क्यांहून अधिक मंदावले होते. ज्या दाणेदार पेशी उरल्या, त्यांची दाणे सोडण्याची क्रिया सुमारे 75 टक्क्यांनी कमी भरली आणि जिवाणूच्या अंशाने ते विकर जागे होणेही थांबले. म्हणजे पहारेकरी कमी झाले, नवे भरती झाले नाहीत आणि जे उरले त्यांच्या हातातली शस्त्रे चालेनात. (तारामाशाच्या अंगात याच धातूने पेशींची संख्या उलट वाढते, एका प्राण्यावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.)

[दृश्य: टाकीत चालणारे लॉब्स्टर]

विषाची पातळी ठरवताना बहुधा 96 तासांत किती प्राणी मेले हे मोजले जाते. मँगॅनीजच्या पाण्यात दहा दिवस काढलेला लॉब्स्टर या हिशेबात जिवंतांच्या रकान्यात बसतो. त्याला पुढे एखाद्या जिवाणूने गाठले, तर तो मृत्यू रोगाच्या नावावर लिहिला जातो.

पावसाळा सरता सरता गोव्यासमोरच्या समुद्रतळाचाही ऑक्सिजन संपतो, आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या पाण्यात त्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आहे. झिंगे, खेकडे आणि शेवंडी त्या किनाऱ्यावरही आहेत.

[दृश्य: कवचावरील काळपट थर, जवळून]

तळाशी ऑक्सिजन परतला की विरघळलेले मँगॅनीज पुन्हा ऑक्साइड होऊन कवचावर आणि कल्ल्यांवर बसते. बोटाने घासूनही सहज न निघणारा हा काळपट तपकिरी थर, त्या प्राण्याने तळाशी काढलेल्या दिवसांची बाहेरून दिसणारी खूण आहे. पुढच्या वेळी जुने कवच टाकताना तो थर त्याच्यासोबत गळून जातो आणि बर्फावर मांडलेला लॉब्स्टर इतरांसारखाच नारिंगी दिसतो.