विमानातलं स्वयंपाकघर गेलं कुठे?

नमस्कार मंडळी! आज आपण विमानाच्या अगदी शेपटाकडे जाणार आहोत. शेवटच्या रांगेच्या मागे क्रूची जागा असते, पडद्याच्या पलीकडची, तिला गॅली म्हणतात, आणि बहुतेकांना वाटतं तिथे चहा-कॉफी बनते, बाकी काय. पण सीटा एवढ्या दाटीने कशा बसल्या, टॉयलेटमध्ये वळायलासुद्धा जागा का नाही, उपम्याच्या डब्यात गरम पाणी ओतूनच का देतात, या सगळ्याचं उत्तर त्या जागेत आहे. आणि हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण स्वस्त तिकिटाच्या नावाखाली नेमकं काय काय कापलं गेलं हे आपल्याला कोणी नीट सांगतच नाही.

तर आधी गॅलीत असतं काय ते बघू. ओव्हन असतात, म्हणजे जिथे असतात तिथे. विमानात कोणी स्वयंपाक करत नाही, जेवण जमिनीवरच्या किचनमध्ये शिजवून थंड करून वर येतं आणि ओव्हनमध्ये फक्त गरम होतं. कॉफी मेकर, गरम पाण्याचा नळ, कचऱ्याची जागा, आणि ओट्याखाली ओळीने लावलेल्या ट्रॉल्या. ही ट्रॉली साधारण ३० सेंटिमीटर रुंद, ८० सेंटिमीटर लांब आणि कमरेच्या वर येईल एवढी उंच. तुम्ही जेवलात की उष्टं ताट टाकून देत नाहीत हो, ते परत त्याच ट्रॉलीत जातं. म्हणजे गरम जेवण द्यायचं तर ओव्हन हवेत, ताटांच्या ट्रॉल्या हव्यात, उष्टं ठेवायला जागा हवी, आणि दर वेळी विमान उतरलं की केटरिंगचा ट्रक येऊन हे सगळं बदलणार, त्याला वेळ हवा. सँडविचची पाकिटं आणि कप नूडल्स विकायचे असतील तर यातलं फारच थोडं लागतं. इथूनच सगळं सुरू झालं.

आता एअरबस ए३२० घ्या, आपल्याकडे सगळ्यात जास्त उडतं ते हेच. जुन्या रचनेत मागची दोन टॉयलेटं गॅलीच्या पुढे, डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर असायची आणि त्यांच्या मागे शेवटच्या भिंतीला पूर्ण रुंदीची गॅली. एअरबसने मग स्पेस-फ्लेक्स नावाची नवी रचना काढली. टॉयलेट उचललं आणि थेट मागच्या भिंतीत, गॅलीच्या शेजारी बसवलं. गॅली अर्थातच आक्रसली. आणि जिथे टॉयलेट होतं तिथली मोकळी झालेली जागा सीटांना मिळाली. त्याला जोड म्हणून पातळ पाठीच्या सीटा आल्या, आणि १८० सीटांचं विमान १८६ चं झालं. बाहेरून विमान एक इंचानेही वाढलेलं नाही! इंडिगोची ए३२० तुम्ही बघितलीत तर जुन्यांमध्ये १८० आणि नव्यांमध्ये १८६ सीटा, त्यांच्या ए३२१ निओमध्ये, म्हणजे याच्याच लांब भावंडात, काहींत २२२ आणि काहींत २३२.

सहाच सीटा ना, मग एवढं काय? थांबा, हिशोब करूया. समजा एक विमान दिवसाला सहा फेऱ्या मारतं. सहा सीटा गुणिले सहा फेऱ्या गुणिले ३६५, झाल्या १३,१४० सीटा वर्षाला. त्यातल्या ८० टक्के भरल्या आणि तिकीट सरासरी चार हजार धरलं, दोन्ही आकडे मी अंदाजाने धरलेत फक्त कळावं म्हणून, तरी एका विमानामागे सव्वाचार कोटींच्या आसपास जातं. आणि खर्च? पायलट तेच दोन. लँडिंगचे पैसे विमानाच्या वजनाच्या मर्यादेवर लागतात, आत माणसं किती बसली त्यावर नाही. इंधन थोडंसंच जास्त. म्हणजे आलेल्या पैशातला बराचसा थेट खिशात. अशी शेकडो विमानं असलेली कंपनी तो ओव्हन कशाला ठेवेल, तुम्हीच सांगा.

बरं मग १८६ वर का थांबले, २१० का नाही? इथे दोन नियम आडवे येतात आणि दोन्ही माहीत असायला हवेत. पहिला म्हणजे दर ५० सीटांमागे एक केबिन क्रू. माणसं नाही हं, सीटा. अमेरिकेत, युरोपात आणि आपल्याकडेही डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम तोच. म्हणजे १५१ सीटा असोत की २००, क्रू चारच लागतो, २०१ वी सीट टाकली की पाचवा माणूस आला, त्याचा पगार आला, त्याचं हॉटेल आलं. म्हणून बहुतेक कंपन्या २०० च्या आत जितकं कोंबता येईल तितकं कोंबतात. दुसरा नियम दारांचा. विमान भरलेलं असताना, अर्धी दारं बंद धरून, अंधारात, ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे कंपनीला दाखवून द्यावं लागतं. दारं किती आणि केवढी त्यावर जास्तीत जास्त माणसं ठरतात. आयर्लंडची स्वस्त विमान कंपनी रायनएअर जे बोइंग ७३७ मॅक्स ८-२०० वापरते, १९७ सीटांचं, त्याला पंखांच्या मागे मुद्दाम एक जादा दारांची जोडी आहे, कारण त्याशिवाय तेवढी माणसं बसवायला परवानगीच मिळाली नसती. आपल्या अकासानेही हेच मॉडेल घेतलंय.

हे सगळे धागे एकाच ठिकाणी कसे येतात त्याचं माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या इझीजेटचं ए३१९. हे ए३२० चं धाकटं भावंड. इझीजेट गरम जेवण देतच नव्हती, म्हणून त्यांनी विमान घेतानाच छोटी गॅली मागितली आणि त्या जागेत सीटा टाकून आकडा १५६ वर नेला. पण एवढी माणसं नेहमीच्या ए३१९ च्या दारांच्या मर्यादेत बसेनात, मग पंखांवरचे इमर्जन्सी एक्झिट एका बाजूला एक असतात ते दोन-दोन करून घेतले. म्हणजे किचन कापलं म्हणून भिंतीला नवीन दारं पाडावी लागली! आणि गोष्ट इथे संपत नाही. १५६ म्हणजे १५० च्या वर, म्हणून क्रू चार. २०२२ च्या उन्हाळ्यात कोविडनंतर माणसं मिळेनात, फ्लाइट रद्द व्हायला लागल्या, तेव्हा इझीजेटने काय केलं तर शेवटची रांग काढून टाकली. सहा सीटा गेल्या, १५० उरल्या, आणि तीन क्रूमध्ये विमान उडवायची मोकळीक झाली. मला हे फार बोलकं वाटतं, कारण यात कळतं की सीटांचा आकडा प्रवाशाकडे बघून ठरतच नाही, तो क्रूच्या पगाराच्या पायरीवर ठरतो.

आता जरा मागे जाऊ, कारण "पूर्वी विमानात काय थाट असायचा" हे आपण सगळेच ऐकत आलोय. तो थाट कंपन्यांच्या प्रेमातून आलेला नव्हता. भाडं वर ठरायचं. अमेरिकेत १९७८ पर्यंत देशातल्या देशात तिकिटाचा दर सरकारी मंडळ ठरवायचं, आंतरराष्ट्रीय मार्गांवर आयाटा या कंपन्यांच्या संघटनेत ठरायचं. तिकीट स्वस्त करता येत नाही, मग गिऱ्हाईक ओढायचं कशावर, तर ताटावर. इतकं की १९५८ मध्ये अटलांटिक पार करणाऱ्या विमानांत इकॉनॉमी क्लास आला तेव्हा नियमच होता की या वर्गाला साधं थंड सँडविच द्यायचं, आणि स्कँडिनेव्हियाच्या एसएएसने त्या सँडविचवर इतकं काय काय रचून दिलं की अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने तक्रार केली आणि एसएएसला २०,००० डॉलर दंड बसला. सँडविच जास्त चांगलं म्हणून दंड! मग दर खुले झाले, लोक तिकिटाचा आकडा बघून विमान निवडायला लागले आणि ताट हळूहळू गायब झालं. आपल्याकडे २००३ मध्ये एअर डेक्कन आली, २००६ मध्ये इंडिगो आली, आणि त्यांच्यामुळे कित्येक घरांतला पहिला माणूस विमानात बसला. हे मी मनापासून म्हणते, ही फार मोठी गोष्ट झाली. जेवण फुकट नाही यात मला काहीही गैर वाटत नाही. दोन तासांच्या फ्लाइटमध्ये न जेवल्याने कोणाचं अडत नाही, आणि आपला मराठी माणूस तसाही दशम्या, लाडू, पोळीचा रोल घेऊनच निघतो.

माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. खाणं घरून आणता येतं, जागा घरून आणता येत नाही. गॅली ही क्रूची काम करायची जागा आहे. एकदा उडाल्यावर त्यांना उभं राहायला, पाणी प्यायला, दोन घास खायला तेवढाच तुकडा असतो, आणि नव्या रचनेत टॉयलेटचं दारही तिथेच उघडतं. म्हणजे समजा मुंबईहून मस्कतला किंवा दुबईला फ्लाइट आहे, तीन तासांची, चहाची विक्री संपली की मागे टॉयलेटला रांग लागते. ती रांग कुठे उभी राहणार, तर गॅलीत, नाहीतर मधल्या वाटेत. मधली वाट किती रुंद? अमेरिकन नियमात अशा मोठ्या विमानांसाठी खालच्या भागात किमान १५ इंच आणि वर २० इंच. त्यात १२ इंचांची ट्रॉली येतेय, मागून एक आजी काठी टेकत येतायत, समोरून एक बाई बाळ घेऊन, आणि क्रूमधली मुलगी ट्रॉली परत मागे ओढतेय सगळ्यांना वाट द्यायला. फ्लाइटमागून फ्लाइट ती हेच करते.

आणि कोणाला चक्कर आली, छातीत दुखलं, तर? माणसाला सीटांच्या रांगेत आडवं करता येत नाही. छाती दाबायची वेळ आली तर मधल्या वाटेत नीट गुडघे टेकायलाही जागा मिळत नाही. मग शक्य असेल तर गॅलीजवळच्या मोकळ्या जमिनीवर आणतात, कारण विमानात मोकळी म्हणावी अशी जमीन तेवढीच. ती कमी झाली की काय कमी झालं ते तुम्हीच बघा.

टॉयलेटचंही तेच. अमेरिकन एअरलाइन्सने ७३७-८०० मध्ये १६० च्या १७२ सीटा केल्या तेव्हा मागची टॉयलेटं साधारण २४ इंच रुंदीची झाली, म्हणजे दोन फूट. व्हीलचेअरवरच्या माणसाने काय करायचं? अमेरिकेने २०२३ मध्ये नियम केला की एका वाटेच्या मोठ्या विमानांतही मदतनीसासकट जाता येईल असं टॉयलेट हवं, पण तो लागू २०३३ नंतर ऑर्डर केलेल्या किंवा २०३५ नंतर हातात येणाऱ्या विमानांना. तोपर्यंत कित्येक लोक आदल्या रात्रीपासून पाणी न पिता प्रवास करतायत आणि करत राहणार, आणि ही गोष्ट मला खरंच त्रास देते.

९० सेकंदांच्या चाचणीबद्दलही बोलायला हवं. अमेरिकन नियमात त्या चाचणीत ३५ टक्के लोक पन्नाशीच्या पुढचे हवेत, ४० टक्के बायका हव्यात, आणि तान्ह्या बाळांच्या जागी तीन बाहुल्या. ठीक आहे. पण चाचणी विचारते एवढंच की जीव वाचवून बाहेर पडता येतं का. तीन तास माणसासारखं बसता येतं का, हे कोणीच विचारत नाही. गॅली केवढी हवी, किती प्रवाशांमागे किती टॉयलेटं हवीत, याला तिथेही किमान आकडा नाही. ज्याला आकडा नाही ते कापलं जातं, साधं आहे.

मग ओरडून काही होतं का? होतं. २०१७ मध्ये याच अमेरिकन एअरलाइन्सने ७३७ मॅक्समध्ये काही रांगांतलं अंतर २९ इंचांवर आणायचं ठरवलं होतं, लोकांनी आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी गोंधळ घातला, आणि काही आठवड्यांतच कंपनीने ते मागे घेऊन ३० केलं. एक इंच, पण मिळाला. आणि सीटा कमी होऊच शकत नाहीत असंही नाही, इंडिगोने २०२४ च्या शेवटी स्ट्रेच नावाचा बिझनेस क्लास आणला तेव्हा ए३२१ मध्ये सीटा घटवून २२० केल्याच की. पैसे देणारं गिऱ्हाईक दिसलं की जागा निघते.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच, की आई-वडिलांचं तिकीट काढताना नुसता दर बघू नका, बुकिंगमध्ये विमानाचा प्रकार लिहिलेला असतो तो बघा आणि सीट मॅप उघडून टॉयलेटं कुठे आहेत ते बघा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शक्यतो पुढे आणि वाटेकडची सीट घ्या, शेवटच्या दोन रांगा टाळा, तिथे रांग डोक्यावर उभी असते. पाणी मागा, बिनधास्त मागा. आणि तुमच्यापैकी कोणी केबिन क्रूमध्ये असेल किंवा घरात कोणी असेल, तर जुन्या आणि नव्या गॅलीत काम करताना काय फरक पडला ते खाली लिहा, नाव नका टाकू हवं तर. पुढच्या व्हिडिओत मी तेच वाचून दाखवणार आहे.