बॅटरी फोडतो कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या आठवड्यात बर्डीवर ई-रिक्षातून उतरताना चालक भाऊंना विचारलं, ‘बॅटरी बसली की जुनीचं काय करता?’

‘काय करन? दुकानवाल्याले देतो. नवीनमधून तेवढे पैसे कटते.’

पुढे ती कुठं जाते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मे 2017मध्ये आपल्या नागपुरात सुमारे 200 विजेच्या गाड्यांचा प्रयोग सुरू झाला. गाड्यांचं कौतुक तेव्हापासून चालू आहे. बॅटऱ्यांचं म्हातारपण मात्र आता दारात आलंय.

बऱ्याच ई-रिक्षांत अजून शिशाच्याच बॅटऱ्या असतात. शिशाला भाव आहे, त्यामुळे त्या उकिरड्यावर पडत नाहीत. कागदावर पुनर्वापर झकास! पण तीच बॅटरी एखाद्या शेडमागे फोडली, ॲसिड नालीत ओतलं, शिसं उघड्या भट्टीत वितळवलं, तर ती धूळ कामगाराच्या शर्टावर बसून घरी येते, आणि रांगत्या लेकराच्या तोंडात जाते. शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लिथियमची तऱ्हा वेगळी. आत करंट उरलेला असतो. छिन्नी बसली की पेट घेऊ शकते, विषारी वायू सोडू शकते. लोह-फॉस्फेट प्रकारात तर कोबाल्ट, निकेल हे महागडे धातूही नसतात. म्हणजे धोका आहे आणि कबाड्याला कमाई नाही.

2022च्या बॅटरी कचरा नियमांनी जबाबदारी उत्पादकांवर टाकली. 2026-27पासून विजेच्या गाडीच्या बॅटरीतून तिच्या कोरड्या वजनाच्या 90 टक्के माल परत मिळवायचा आहे. पण हे मोजमाप किलोचं झालं. एखादी वस्तू बनण्यापासून तिचा कचरा होईपर्यंत माणसांवर काय परिणाम होतो, ते मोजायला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2009ची. त्यांत कामगार आले, शेजारची वस्ती आली. 2020च्या आवृत्तीत मुलंही आली.

हा हिशेब सरळ नाही. इतर लिथियम बॅटऱ्यांतला कोबाल्ट इथंच परत निघाला, तर काँगोतल्या खाणींची निकड कमी होईल. तिथं लेकरं राबतात. पण त्याच खाणीवर ज्यांची चूल पेटते, त्यांचं काय? इथंही तेच. सगळा माल नोंदणीकृत कारखान्यात गेला, तर ठेलेवाला कबाडी बेकार. मला विचाराल तर गोळा करणं त्याच्याकडंच ठेवावं, फोडणं तेवढं काढून घ्यावं.

आणि माणसांवरचा हा परिणाम मोजायला पाहणी करणाऱ्यांना एक विनंती. फॉर्म घेऊन मालकाला विचाराल, तर उत्तर ठरलेलं आहे: ‘आमच्याकडं बॅटरी फोडतच नाहीत.’ मागच्या शेडकडं जा. तेही शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी.